बसलेली घडी कोणी मोडायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. फायली उघडल्या, प्रिंटर चालला. थांबले ते सुरक्षेचे मोफत अपडेट. आता विंडोज ११ वर जावे म्हटले, तर आपला संगणक तिथे चालणारच नाही, असे अनेकांना कळले. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट हवे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर मोजके अपवाद सोडता तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आठ जीबी रॅमचा, पुढे एसएसडी बसवलेला संगणक आजही उत्तम पळत असला तरी अपात्र ठरतो. यावरच्या नाराजीला ‘लोकांना बदल नकोच असतो’ असे म्हणून बाजूला सारण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. ज्याचे पोट संगणकावर आहे तो नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला नाही म्हणतो, तेव्हा तो हिशेब करत असतो, आणि बहुतेक वेळा तो हिशेब बरोबर असतो. कामाची बसलेली घडी ही त्याने वर्षानुवर्षे कमावलेली मिळकत आहे. ती मोडायची तर बदल्यात काय मिळणार, हे दाखवून देण्याची जबाबदारी सिस्टिम बनवणाऱ्याची आहे.

हा हिशेब कळायला डीटीपीचे काम जवळून पाहावे. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, शाळेच्या प्रश्नपत्रिका, एखादा दिवाळी अंक असे सगळे एकाच टेबलावर जुळते. मजकूर टाइप करताना ऑपरेटरची नजर हस्तलिखितावर असते; बोटे कीबोर्डवर आपोआप चालतात, पडद्याकडे लक्ष जाते ते ओळ संपल्यावर. एका वेळी पाने जुळवायच्या पेजमेकरमध्ये अहवाल उघडा असतो, डिझाइनच्या कोरलमध्ये दोन पत्रिका, आणि शेजारी व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाने पाठवलेल्या दुरुस्त्या. टास्कबारवर प्रत्येक फायलीचे नाव वाचता येते, म्हणून एका क्लिकमध्ये हवे तिथे जाता येते. विंडोज ११ आली तेव्हा ही नावे गेली. एका प्रोग्रामच्या सगळ्या खिडक्या एकाच चिन्हाखाली गोळा झाल्या. चिन्हावर माउस नेऊन थांबायचे आणि वर उमटणाऱ्या छोट्या चित्रांतून आपली फाइल ओळखायची. एकाच प्रश्नपत्रिकेचे चार संच उघडे असतील तर ती चारही चित्रे सारखीच दिसतात. चुकीच्या संचात दुरुस्ती झाली तर ती कळते छपाई झाल्यावर. राइट क्लिकच्या यादीचेही तसेच. कट, कॉपी, रिनेम हे शब्द जाऊन तिथे बारीक चिन्हे आली आणि रोजच्या बऱ्याच आज्ञा ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेल्या. टास्कबार पडद्याच्या बाजूला उभा लावायची जुनी सोय तर वगळूनच ही विंडोज बाजारात आली. रुंद पडद्यावर उभी पाने जुळवणाऱ्याला त्या सोयीने पानाची उंची मिळत होती. हे सगळे एकेक करून पाहिले तर क्षुल्लक वाटेल. पण असा एकेक क्लिक दिवसातून शेकडो वेळा करायचा असतो, आणि लग्नसराईत त्याचा अर्थ रात्री दुकान उशिरा बंद होणे असा होतो.

या तक्रारी योग्य होत्या याचा पुरावा खुद्द कंपनीने दिला आहे. टास्कबारवर नावे दाखवण्याची सोय २०२३ मध्ये परत आली. राइट क्लिकच्या चिन्हांखाली शब्द २०२४ च्या आवृत्तीत पुन्हा लिहिले गेले. त्याआधी विंडोज ८ मध्ये, ऑक्टोबर २०१२ ला, स्टार्ट बटण काढले होते. जवळजवळ वर्षभराने ८.१ मध्ये ते परत बसवावे लागले. प्रत्येक खेपेला मधल्या काळाचा भुर्दंड वापरणाऱ्याने सोसला. यावर असे म्हणतात की कुरकूर तर एक्सपीच्या वेळीही झाली होती, पुढे लोक तिच्याच प्रेमात पडले. खरे आहे. पण त्याच लोकांनी २००७ ची व्हिस्टा नाकारली आणि २००९ ची विंडोज ७ आनंदाने घेतली, हेही खरे आहे. बदलाचाच तिटकारा असता तर दोन्ही नाकारल्या असत्या. लोकांनी निवड केली, आणि कामाला काय सोयीचे हे पाहून केली. ही गोष्ट फक्त विंडोजवाल्यांची आहे असेही नाही. २०११ मध्ये ग्नोम ३ ने लिनक्सच्या डेस्कटॉपची अशीच उलथापालथ केली, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टॉर्वाल्ड्स यानेच जाहीर नापसंती दाखवून साधासुधा एक्सएफसीई डेस्कटॉप पत्करला. ज्या माणसाने सिस्टिमचा गाभा लिहिला त्याला बदल झेपत नाही, असे कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच की लिनक्सचा सोर्स कोड खुला असल्याने नाराजांना नुसते नाराज राहावे लागले नाही. कोणी जुना ग्नोम २ ‘माटे’ या नावाने जिवंत ठेवला, लिनक्स मिंटच्या मंडळींनी ‘सिनॅमन’ उभा केला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो पडद्याच्या रंगरूपाचा नाही, संगणक कोणाच्या हुकमात चालतो याचा आहे. विंडोज ११ ची होम आवृत्ती नव्याने बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला की डेस्कटॉप फोल्डरचा पत्ताच बदलतो. मोफत जागा पाच जीबी, आणि फ्लेक्सच्या मोठ्या फायलींना ती किती पुरणार? स्टार्ट मेनूमध्ये ॲपच्या जाहिराती येऊ लागल्या. मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ जाहीर झाले: नव्या धाटणीच्या संगणकांवर दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवणारी सोय. एवढी टीका झाली की ती पुढे ढकलावी लागली, आणि मग वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच चालेल अशी करावी लागली. डीटीपीच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर काय असते याचा विचार करा. लोकांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, कोर्टाचे कागद, पोरांच्या गुणपत्रिका. हे कागद दुकानदाराचे नाहीत, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेले आहेत. ते कुठे साठतात, कुठे जातात, हे दुकानदाराला न विचारता ठरू नये, ही मागणी अवाजवी कशी म्हणता येईल?

आता सुरक्षेचा मुद्दा. जुन्या विंडोजला चिकटून राहणाऱ्यांविरुद्धचा तो सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्याला हात झटकून उत्तर देता येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामे ठप्प झाली. ते ज्या भोकातून शिरले त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सापडले. तेव्हा ज्याचे अपडेट थांबले आहेत असा संगणक इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचेच आहे. टीपीएमही निरुपयोगी नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर त्यातला मजकूर कुलूपबंद ठेवायला ते खरेच कामी येते. पण यातून सिद्ध काय होते? सुरक्षेचे अपडेट हवेत, एवढेच. त्यासोबत मेनूची मांडामांड, जाहिराती आणि नवा संगणक घ्यायलाच हवा, हे सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हेही कंपनीनेच दाखवले आहे. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत नुसते सुरक्षा-अपडेट घ्यायची सोय तिने ठेवली. यंत्रांसाठीची जी एलटीएससी, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्ती असते, तिच्यातल्या विंडोज १० च्या २०२१ च्या आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत आधार आहे. रुग्णालयातल्या किंवा कारखान्यातल्या यंत्राचा पडदा मध्येच बदलला तर घोटाळा होईल, हे कंपनीला पटते. डीटीपीच्या ऑपरेटरचे कामही तितक्याच सवयीने चालते, त्याच्याच बाबतीत ते का पटू नये? ती आवृत्ती सुट्या ग्राहकाला दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. यात अडचण तंत्राची नाही, धोरणाची आहे.

मग लोक जातात कुठे? बरेच जण कुठेच जात नाहीत. जुना संगणक नेटवरून तोडून नुसत्या जुळणीला ठेवतात आणि मेल-व्हॉट्सॲपला दुसरे यंत्र वापरतात. मला हा उपाय शहाणपणाचा वाटतो. जे विंडोजबाहेर पडतात त्यांतले पुष्कळ जण लिनक्स मिंटकडे वळतात. २००६ पासूनची ही सिस्टिम उबुंटू या लिनक्सवर उभी आहे. तिचा पट्टा खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, आणि पारंपरिक मांडणी निवडली की खिडक्यांची नावे वाचता येतात. विंडोज ७ वर हात बसलेल्याला पहिल्या दिवशी शोधाशोध करावी लागत नाही. जुलै २०२४ च्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेन ड्राइव्हवरून चालवून आपला वायफाय, स्कॅनर, प्रिंटर ओळखला जातो का हे हार्ड डिस्कला धक्का न लावता पाहता येते. फॉरमॅट मारण्याआधी ही परीक्षा घ्यावीच, कारण काही जुन्या लेझर प्रिंटरांचे लिनक्सवरचे ड्रायव्हर बसता बसत नाहीत. संगणक अगदीच अशक्त असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. मिंटचा गुण तिच्या नवेपणात नाही. बसलेली घडी ती कमीत कमी विस्कटते, यात आहे.

लिनक्स टिकत नाही हे दाखवायला म्युनिक शहराचे उदाहरण इथे हमखास पुढे केले जाते. त्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा मार्ग धरला, सुमारे पंधरा हजार संगणक तिकडे नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. ते उदाहरण टाळण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी केरळ ठेवावे. तिथल्या सरकारी शाळा लिनक्सच्या मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकवत आल्या आणि ते टिकले. तिथे अभ्यासक्रम, पुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण सगळे त्याच सिस्टिमभोवती रचले गेले. चालू कार्यालयात मात्र जुन्या फायली, जुने नमुने, बाहेरच्यांशी होणारी कागदपत्रांची देवघेव आधीपासून असते, आणि ती सगळी ओढ एकाच दिशेची असते. माणूस अडकतो तो सिस्टिममध्ये कमी आणि फायलींमध्ये जास्त.

मराठी जुळणीइतके हे स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. पेजमेकरला युनिकोड कळत नाही आणि त्याचा विकास ॲडोबीने २००४ मध्येच थांबवला. तरी जुन्या देवनागरी फाँटांत जुळवलेली वर्षानुवर्षांची पुस्तके त्याच्यात पडून आहेत. या फाँटांत अक्षरे साठतात ती खिळ्यांच्या हिशेबाने, म्हणजे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने. ‘किती’मधली पहिली वेलांटी फायलीत आधी येते, क नंतर. ‘मूर्ती’तला रफार सगळ्यांच्या शेवटी, कधी वेलांटीशी जोडलेल्या एकाच खिळ्यात. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचा र तर त च्याही आधी जातो. कन्व्हर्टरला ही अक्षरे उचलून जागच्या जागी न्यावी लागतात, आणि तो चुकतो तिथे ‘दुसर्‍या’ऐवजी ‘दुसर्या’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. शिवाय हे फाँट वापरायचे सॉफ्टवेअर अनेकदा डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीवर, चालते. त्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटच्या काळातला, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणून ऑपरेटर जुनी विंडोज सोडत नाही. सोडली तर त्याचे जुने काम रोमन अक्षरांची रांगोळी होऊन समोर येते.

यातून बाहेर पडायचा क्रम उलटा धरावा लागतो: आधी फायली, मग सिस्टिम. पुन्हा छापली जाण्याची शक्यता असलेली पुस्तके आधी युनिकोडमध्ये आणावीत आणि ऱ्य, ऱ्ह, रफार आणि पहिली वेलांटी यांच्यासाठी स्वतंत्र प्रूफ वाचावे. ज्यांना हात लागणार नाही अशी पुस्तके पीडीएफ करून ठेवावीत. एखादे जुने सॉफ्टवेअर सुटतच नसेल तर जुनी विंडोज व्हर्च्युअल बॉक्समध्ये, नेटची जोडणी तोडून, बसवता येते. तिथे डोंगल चालतो का हे मात्र करून पाहावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या स्क्रायबस १.६ या पाने जुळवायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात, आणि ते विंडोजवर आणि मिंटवर सारखेच चालते. कोरलला त्या तोडीचा पर्याय मला अजून दिसत नाही. पत्रिका आणि फ्लेक्सचे दुकान चालवणाऱ्याने एक विंडोज यंत्र ठेवावेच. पुस्तके आणि अहवाल जुळवणाऱ्याला मात्र फायली मोकळ्या झाल्यावर विंडोज १० वर थांबायचे, ११ घ्यायची की मिंट बसवायची, हे आपल्या कामाच्या सोयीने ठरवता येते.