कप फुटला की फोडला?

ऑफिसमध्ये काही बिनसलं की आधी वाक्य तयार होतं आणि मग दोषी ठरतो. क्रम उलटा वाटतोय? मग पुढे वाचाच!

ऑफिसच्या पॅन्ट्रीत कप नेहमी 'फुटतो'. तो कधी कोणी 'फोडत' नाही. फार तर 'माझ्या हातून फुटला' अशी कबुली मिळते, पण त्यातही खापर हातावर! मराठीत ही सोय भरपूर आहे. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, फुटणे-फोडणे. जोडीतल्या पहिल्या क्रियापदात गोष्टी आपोआप होतात. दुसऱ्याला मात्र करणारा लागतो. तो आला, की बोट कुणाकडे दाखवायचं हा प्रश्नही सुटतो.

शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग घोकले ते मार्कांपुरते. पण क्रियापदाच्या याच फरकावर माझ्या एका मैत्रिणीचं अख्खं अप्रेझल हललं. ती एका जाहिरात एजन्सीत क्लायंट सांभाळायची. एका क्लायंटने बजेट कापलं आणि काम दुसरीकडे नेलं. त्या आठवड्यात सगळे म्हणत होते, "तो क्लायंट गेला." महिन्याभराने रिव्ह्यू मीटिंगमध्ये एक सीनियर म्हणाला, "हिने तो क्लायंट घालवला." माहिती तीच, ई-मेल्स तेच. बदललं फक्त क्रियापद. पण त्यानंतर ज्यांना सगळी हकीकत ठाऊक होती, तेसुद्धा 'घालवला' म्हणू लागले. मैत्रिणीचं इन्क्रिमेंट रखडलं. (रखडलं! बघा, इथेही 'रखडवणारा' कोणीच नाही.)

एक शब्द इतका भारी पडू शकतो? मी याच्या मागे लागले, तेव्हा मानसशास्त्रातलं बरंच काही हाती लागलं.

मेंदूला धीर नाही

हे वाक्य जरा सावकाश वाचा: 'मॅनेजरने नेहाला झापणाऱ्या क्लायंटला चांगलंच सुनावलं.'

'मॅनेजरने नेहाला झाप...' इथपर्यंत येताच बिचाऱ्या नेहाची दया आली ना? पुढे 'क्लायंटला' आला आणि चित्र पालटलं. मॅनेजर तर नेहाच्याच बाजूचा निघाला! अशा चकवणाऱ्या वाक्यांना भाषेचे अभ्यासक 'गार्डन पाथ' वाक्यं म्हणतात. बागेतली वाट छान दिसते म्हणून निघावं आणि पुढे ती बंद निघावी, तसं. थॉमस बेव्हर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दिलेलं घोड्याचं एक इंग्रजी वाक्य यासाठी आजही प्रसिद्ध आहे.

यातला फंडा सोपा आहे. मेंदू पूर्णविरामाची वाट बघत बसत नाही. शब्द येईल तसा तो कोणी केलं, कुणाला केलं, हे ठरवत जातो. हे किती झटपट चालतं? १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना वाक्यं वाचायला देऊन मेंदूतले विद्युत संकेत मोजले. 'त्याने गरम पावाला मोजे लावले' या धर्तीची विचित्र वाक्यं मधूनच यायची. 'मोजे' सारखा न जुळणारा शब्द दिसल्यानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्धा सेकंदही व्हायच्या आत, मेंदूचा ठळक प्रतिसाद नोंदला गेला.

म्हणजे 'हिने घालवला' हे ऐकताना आपण शांतपणे पुरावे तपासू म्हणावं, तोवर 'ही' दोषी म्हणून मनात बसलेलीसुद्धा असते.

न फुटलेली काच

बरं, हा परिणाम तेवढ्यापुरता असतो का? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग वेगळंच सांगतो. त्यांनी विद्यार्थ्यांना कार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'धाडकन आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना, 'एकमेकींना लागल्या' तेव्हा किती? आदळणाऱ्या गाड्यांचा सरासरी वेग ताशी ४० मैलांच्या वर सांगितला गेला. सर्वांत सौम्य क्रियापदाला उत्तर मिळालं जेमतेम ३२.

खरी कमाल पुढच्या प्रयोगात झाली. आठवड्याने विचारलं, फिल्ममध्ये फुटलेली काच दिसली होती का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले. साधं 'धडकल्या' ऐकलेल्यांत ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती! शब्दाने आठवणच बदलली होती.

दंड कुणाला?

आता आपल्या कपाकडे वळू. २०१० मध्ये केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी एका रेस्टॉरंटमधल्या आगीचा वृत्तांत दोन प्रकारे लिहिला. एकात बाईने मेणबत्ती 'पाडली', दुसऱ्यात मेणबत्ती 'पडली'. बाकी गोष्ट तीच. पहिला वृत्तांत वाचणाऱ्यांनी बाईला जास्त दोष दिला आणि भरपाईही जास्त मागितली. मग त्यांनी २००४ च्या सुपर बोलमधलं जेनेट जॅक्सनचं गाजलेलं 'वॉर्डरोब मालफंक्शन' घेतलं. जस्टिन टिंबरलेकने कपडा 'फाडला' की कपडा 'फाटला'? लोकांना व्हिडिओ दाखवला तरी 'फाडला' वाचणाऱ्यांनी जास्त दंड सुचवला. डोळ्यांपेक्षा वाक्य वरचढ ठरलं.

याच दोघींचा २०११ मधला अभ्यास तर थेट भाषांची तुलना करतो. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं 'फुलदाणी फुटली' म्हणायची सवय आहे. इंग्रजीत मात्र चुकून झालं तरी 'त्याने फोडली' सर्रास म्हणतात. दोन्ही भाषकांना छोटे व्हिडिओ दाखवले. मुद्दाम फोडाफोडी करणारा माणूस दोघांनाही सारखाच लक्षात राहिला. पण चुकून फोडणारा इंग्रजी भाषकांच्या जास्त लक्षात राहिला.

म्हणजे भाषा हा काही तुरुंग नाही. हेतू दिसत असेल तर तो सगळ्यांनाच दिसतो. गडबड होते ती धूसर प्रसंगांत. आणि ऑफिसमधले बहुतेक घोळ असेच धूसर असतात ना? डेडलाइन हुकते, फाईल डिलीट होते, मेल राहून जातो.

अशा वेळी कोणतं क्रियापद कुणाच्या वाट्याला येतं ते बघाच एकदा. बॉसकडून गोष्टी 'राहून जातात', ट्रेनी मात्र त्या 'विसरतो'. मोठ्यांच्या खात्यावर चुका 'होतात', लहानांच्या खात्यावर 'केल्या' जातात. सिनॅरिटीप्रमाणे क्रियापदंसुद्धा वाटली जातात म्हणा ना!

हे करून बघा

* क्रियापद बदला: 'गेला' आणि 'घालवला' दोन्ही वाक्यं म्हणून बघा. हातातल्या माहितीत दोन्ही बसत असतील, तर दोषी अजून ठरलेला नाही.
* तिथल्या तिथे विचारा: "म्हणजे नक्की काय झालं?" वाक्य चार तोंडी फिरलं की त्याचीच आठवण होते.
* तारखेनिशी लिहून ठेवा: कोणता मेल कधी गेला, काय उत्तर आलं. विशेषणं नकोत.
* चांगल्या कामाला कर्ता द्या: सेल्फ-अप्रेझलमध्ये आपण अगदी सज्जनपणे 'प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाला' लिहितो. तो आपोआप झाला का? 'मी पूर्ण केला' लिहा. टीमने केला असेल तर 'आम्ही'.

आणि पुढच्या मीटिंगमध्ये कुणाबद्दल तरी 'हिने केलं', 'त्याने घालवलं' असं वाक्य तुमच्या ओठांवर आलं, तर एक श्वास घ्या. ऐकणाऱ्यांच्या मेंदूला विचार करायला अर्धा सेकंदही मिळणार नाहीये. तो वेळ तुमच्याकडे आहे.