खतांवरील आयात शुल्कात सूट : गोणीच्या दरात फरक पडतो का?

‘खतावरील आयात शुल्क माफ’ अशी बातमी आली की अनेक शेतकरी दर उतरण्याची वाट पाहत खरेदी लांबवतात. त्यात पेरणीची वेळ निघून जाते. शुल्कसवलत आणि गोणीचा दर यांचा संबंध प्रत्येक खताबाबत वेगळा असतो, हे आधी समजून घ्यावे.

शुल्काची सध्याची रचना
- २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात युरिया, डीएपी आणि म्युरेट ऑफ पोटॅश (एमओपी) यांवरील मूळ सीमाशुल्क शून्य करण्यात आले. त्याच वेळी ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आला. म्हणजे नाव बदलले, एकूण भार जवळपास तेवढाच राहिला.
- सवलत वापरावर अवलंबून असते. पोटॅश खत म्हणून किंवा संयुक्त खतनिर्मितीसाठी आणले तरच सवलतीचा दर लागू होतो. जीएसटीतही हाच नियम आहे : खतासाठी ५ टक्के, तर खत म्हणून न वापरल्या जाणाऱ्या त्याच रसायनाला १८ टक्के.

कोणत्या खतावर काय परिणाम?

१) युरिया : ४५ किलोच्या गोणीची किंमत (२६६.५० रुपये) सरकार ठरवते. आयातही सरकारच्या खात्यावर होते. त्यामुळे शुल्क कमी-जास्त झाले तरी फरक सरकारच्या अनुदान खर्चात पडतो, गोणीच्या दरात नाही.

२) डीएपी, एमओपी, संयुक्त खते : १ एप्रिल २०१० पासून यांना अन्नद्रव्य आधारित अनुदान (एनबीएस) मिळते. खरीप व रब्बीसाठी प्रतिकिलो अन्नद्रव्याचे अनुदान जाहीर होते, विक्री किंमत कंपनी ठरवते. समजा, आयात किंमत टनाला ४०,००० रुपये आहे. ५ टक्के म्हणजे टनाला २,००० आणि ५० किलोच्या गोणीला १०० रुपये. हे १०० रुपये माफ झाले तरी जागतिक बाजारातील दरवाढ किंवा रुपयाची घसरण तो फायदा सहज गिळू शकते. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना मिळते ती मुख्यतः जादा अनुदानामुळे, शुल्कसवलतीमुळे नव्हे.

३) विद्राव्य खते : १९:१९:१९, १२:६१:०, ०:५२:३४, १३:०:४५ यांसारख्या खतांना अनुदानाचा आधार नसतो. यांचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. त्यामुळे शुल्क, जहाजभाडे आणि डॉलरचा दर यांचा परिणाम थेट द्राक्ष, डाळिंब उत्पादकांच्या खर्चावर होतो. तरीही जुन्या दराने आलेला साठा संपेपर्यंत नवा दर दिसत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?
- पायाभूत मात्रेचे खत शुल्कसवलतीच्या बातमीसाठी थांबवून ठेवू नये. वेळेवर मिळालेले स्फुरद-पालाश दरातील थोड्या फरकापेक्षा मोलाचे असते.
- दुकानदार ‘शुल्क वाढले’ असे सांगत असला तरी गोणीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा (एमआरपी) जास्त पैसे देऊ नयेत. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार जादा दराने विक्री हा गुन्हा आहे.
- अनुदानित खत ई-पॉस यंत्रावर आधार पडताळणी करूनच घ्यावे, पावती जपून ठेवावी.
- जादा दर किंवा दुसरे उत्पादन घेण्याची सक्ती (लिंकिंग) झाल्यास पावतीसह तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.
- माती परीक्षणानुसार मात्रा ठरवावी. न लागणारी एक गोणी टाळली, तर होणारी बचत कोणत्याही शुल्कसवलतीपेक्षा मोठी असते.