बीज, क्षेत्र आणि उंदराचे मणके

बीज श्रेष्ठ की ते जेथे रुजते ते क्षेत्र श्रेष्ठ, हा वाद आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ रंगविलेला आहे. परंतु त्याच वादाची एक फेरतपासणी विसाव्या शतकात लंडनमध्ये उंदरांच्या मणक्यांवरून होईल, हे त्यांच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आले नसावे. ती तपासणी करणाऱ्या अ‍ॅन मॅक्लॅरेन या विदुषी 1927 साली एका उमराव घराण्यात जन्मल्या, ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र शिकल्या आणि पुढे भारतात येऊन स्थायिक झालेल्या जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेनसाहेबांच्या हाताखाली काही काळ उमेदवारी करून आल्या.

उंदरांचे दोन वंश त्यांनी आणि त्यांचे पती डोनाल्ड मिची यांनी निवडले. एका वंशाच्या कमरेत बहुधा पाच मणके असत, दुसऱ्याच्या कमरेत सहा. या दोहोंचा संकर केला असता संततीचा कल आईकडे झुके. आणि गुणसूत्रांचा वाटा मात्र आईबापांचा जवळजवळ सारखाच असल्यामुळे, हा जादा हिस्सा आईने दिला कोठून, असा प्रश्न उभा राहिला. तो अंड्यातील जीवद्रव्यातून आला असेल किंवा गर्भाशयातून. तेव्हा एका वंशाचे कोवळे भ्रूण दुसऱ्या वंशाच्या मादीच्या उदरात नेऊन ठेवण्याचे नाजूक काम त्यांनी हाती घेतले, आणि मणक्यांची संख्या झुकली ती अंडे देणारीकडे नव्हे, गर्भाशय देणारीकडे! इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या हाडावर इतका मोठा निवाडा उभा राहावा, याचे मला आजही कौतुक वाटते.

भ्रूण हलविण्याचा हात बसल्यावर पुढचे पाऊल दूर नव्हते. 1958 साली मॅक्लॅरेन आणि जॉन बिगर्स यांनी उंदराचे भ्रूण काचेच्या भांड्यात दोनएक दिवस वाढवून मग मादीच्या उदरात ठेवले, आणि धडधाकट पिल्ले जन्मास आली. मानवाचे पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ इंग्लंडात जन्मले ते त्यानंतर वीस वर्षांनी. आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले ते 1986 साली.

1959 मध्ये मॅक्लॅरेन एडिंबरोस गेल्या. तेथील त्यांच्या संशोधनसंस्थेचे प्रमुख वॉडिंग्टन यांनीच 1942 साली ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द प्रचारात आणला होता. या शब्दाचा आजचा अर्थ कचेरीतल्या माणसाला चटकन उमगेल: मूळ दस्तऐवजातील एक अक्षरही न बदलता त्यावर ‘अंमल द्यावा’, ‘तहकूब’ असे शेरे मारावेत आणि कारभार त्या शेऱ्यांबरहुकूम चालावा, तसाच प्रकार पेशीतील जनुकांच्या बाबतीत घडतो. भ्रूणातील ज्या आद्य बीजपेशींपासून पुढे अंडे किंवा शुक्रजंतू होतो, त्यांत आधीचे बहुतेक शेरे पुसले जातात आणि मग नवे मारले जातात. ते आईकडचे निराळे, बापाकडचे निराळे. म्हणून दोन्ही हिस्से आईचेच किंवा दोन्ही बापाचेच असलेला उंदराचा भ्रूण तग धरत नाही, असे 1984 साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या व अमेरिकेत डावोर सोल्टर यांच्या प्रयोगांनी दाखविले. या बीजपेशींचाच मॅक्लॅरेन यांना पुढे आयुष्यभर ध्यास लागला. त्या पेशी जन्मतात एकीकडे आणि प्रवास करीत पोहोचतात दुसरीकडे. वाट चुकून वृक्काशेजारच्या ग्रंथीत शिरलेली नर-भ्रूणाची बीजपेशीदेखील तेथे अंड्याच्या वळणावर जाते. पुन्हा क्षेत्राचाच प्रभाव!

काचेचे भांडे हेही अखेर एक क्षेत्रच, त्यातील द्रवाने भ्रूणावरचे शेरे बदलतात काय, हा प्रश्न प्रजननशास्त्रज्ञांना आज सतावतो आहे.

1982 साली ब्रिटिश सरकारने मानवी भ्रूणासंबंधीच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी वॉरनॉकबाईंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत मॅक्लॅरेन होत्या. मानवी भ्रूणावर प्रयोगाची मुभा चौदा दिवसांपर्यंतच असावी, ही त्या समितीची शिफारस 1990 च्या कायद्यात उतरली. पंधराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक अस्फुट रेघ उमटते आणि तोवर त्याचे जुळेही होऊ शकते, ही शरीरशास्त्रातील बाब तत्त्वज्ञ व कायदेपंडितांच्या गळी उतरविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पुढे 1991 साली, तीन शतकांहून जुन्या रॉयल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री-पदाधिकारी झाल्या.

मिची यांच्याशी त्यांचा घटस्फोट 1959 सालीच झाला होता. स्नेह मात्र तुटला नाही. 7 जुलै 2007 रोजी केंब्रिजहून लंडनला जाताना झालेल्या मोटार-अपघातात दोघांचाही अंत झाला, तेव्हा ते एकाच गाडीत होते.