वंशावळीची सारणी : स्वसंदर्भी नात्याची मांडणी

जातवैधता पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक आहे. १९९० च्या दुरुस्तीने त्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दारव्हा वा वणीच्या बौद्ध विद्यार्थ्यास पुष्कळदा पणजोबांच्या कोतवाल बुकातील नोंदीपर्यंत आपले नाते जोडून दाखवावे लागते. ही वंशावळ संगणकात कशी मांडावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

मुलगा, वडील, आजोबा, पणजोबा असे चार रकाने आखल्यास पाचवी पिढी सापडताच सारणी अपुरी पडते. शिवाय दोन भावांच्या ओळींत एकच आजोबा दोनदा लिहिले जातात. म्हणून प्रत्येक व्यक्तीस एकच ओळ व एकच क्रमांक द्यावा. पित्याच्या रकान्यात नाव न लिहिता त्याच सारणीतील त्यांचा क्रमांक लिहावा. मातेसाठीही तसाच रकाना असावा. मूळ पुरुषापुढे हे रकाने रिक्त राहतात. सारणीतील ओळीने त्याच सारणीतील दुसऱ्या ओळीचा निर्देश करणे, यालाच रिकर्सिव्ह म्हणजे स्वसंदर्भी संबंध म्हणतात.

१९९९ च्या एसक्यूएल प्रमाणात अशा आवर्ती शोधाची सोय झाली. एकाच प्रश्नाने संगणक पिढी-पिढीने मूळ पुरुषापर्यंत पोहोचतो. मात्र कोणी स्वतःचाच पूर्वज ठरत नाही ना, हे तपासावे. अन्यथा शोध चक्रात अडकतो.

दस्तऐवजांची सारणी स्वतंत्र ठेवावी. तीत नाव मुळाबरहुकूम आणि सोबत व्यक्तिक्रमांक असावा. मग एका भावासाठी जुळविलेला पुरावा उद्या पुतणीच्याही उपयोगी पडेल.