हजेरीपटावरील मूल आणि राज्याची तिजोरी



शाळेची घंटा झाली की शिक्षक प्रथम हजेरीपट उघडतो. नावे पुकारावीत, खुणा कराव्यात, महिनाअखेर बेरीज मांडावी. हे काम इतके नित्याचे की त्यात काही अर्थशास्त्र दडले असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु अमेरिकेतील टेक्सस राज्यात सरकारी शाळांच्या वाट्याला येणारा पैसा मुख्यतः याच खुणांवर अवलंबून असतो. शाळेची गरज मोजावी कशी, या प्रश्नाचा त्या राज्यात पडलेला उलगडा शिक्षणाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम तेथील व्यवस्था पाहू. तेथील ‘शाळा-जिल्हा’ म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. ठरावीक मुलखापुरते ते एक स्वतंत्र शिक्षण-मंडळ होय. त्याचे सभासद लोक निवडून देतात, आणि घरे, जमिनी, कारखाने यांच्या मूल्यावर कर बसविण्याचा त्याला अधिकार असतो. साहजिकच जेथे बंगले तेथे उत्पन्न भरपूर, आणि जेथे मजुरांची वस्ती तेथे चणचण. ही विषमता सौम्य व्हावी म्हणून १९४९ साली राज्याने किमान खर्चाची एक योजना आखली व तिचा सुमारे ८० टक्के भार स्वतः उचलला. मात्र त्या किमान रकमेवर आपल्या करातून भर घालण्याची मोकळीक श्रीमंत जिल्ह्यांना राहिलीच.

याचा परिणाम सॅन अँटोनिओ शहरात स्पष्ट दिसला. तेथे एजवुड आणि अलामो हाइट्स असे दोन शाळा-जिल्हे आहेत. १९६७-६८ साली एजवुडचे रहिवासी, जे बहुतांशी मेक्सिकन वंशाचे व गरीब होते, शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर देत. सधन अलामो हाइट्समध्ये हाच दर ८५ सेंट होता. असे असूनही किमान योजनेतील वाटा वजा जाता एजवुडला स्वतःच्या करातून दर मुलामागे अवघे २६ डॉलर मिळत, तर अलामो हाइट्सला ३३३. राज्य व केंद्र यांची मदत धरूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला. अधिक दराने कर देणाऱ्यांच्या मुलांना कमी पैसा, हा न्याय कोणता?

दिमित्रिओ रोड्रिग्ज नावाच्या कामगाराने व इतर पालकांनी १९६८ साली हाच प्रश्न न्यायालयापुढे ठेवला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पण लढा थांबला नाही. १९८९ साली खुद्द टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत राज्याच्या घटनेशी विसंगत ठरविली, आणि १९९३ च्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांच्या करातील काही भाग इतरांकडे वळू लागला.

परंतु सर्व मुलांमागे सारखीच रक्कम दिली म्हणजे न्याय झाला काय? ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याची मातृभाषा वर्गातील भाषेहून वेगळी आहे, जे अपंग आहे, अशा मुलाला शिकविण्यास वेळ आणि माणसे अधिक लागतात. म्हणून सूत्रामध्ये ‘भार’ घालण्याची रीत आली. २०१९ च्या कायद्याने मूळ रक्कम दर विद्यार्थ्यामागे ६,१६० डॉलर ठरली, आणि गरीब मुलासाठी तिच्या ०.२२५ ते ०.२७५ पट, म्हणजे १,३८६ ते १,६९४ डॉलर अधिक देण्याचे ठरले. गरिबीही आता केवळ शाळेतील मोफत जेवणाच्या पात्रतेवरून मोजली जात नाही; मूल ज्या वस्तीत राहते तेथील उत्पन्न, पालकांचे शिक्षण, एकट्या पालकाची कुटुंबे व स्वतःच्या मालकीची घरे यांचाही विचार होतो.

तरीही एक मोठी उणीव उरली. टेक्ससमध्ये पटावरील मुले मोजत नाहीत, सरासरी दैनिक हजेरी मोजतात. पटावर तीस मुले असून रोज सरासरी सत्तावीसच येत असतील, तर पैसा सत्ताविसांचा. शिक्षकाचा पगार तोच, वर्गाचे भाडे तेच, दिव्यांचा खर्च तोच. पण २०१९ साली ठरलेल्या मूळ रकमेने तीन मुलांचे १८,४८० डॉलर मात्र गेले. शिवाय गैरहजर कोण राहते? बहुधा आजारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारे, वारंवार बिऱ्हाड बदलणाऱ्या घरातले मूल. म्हणजे भार घालून एका हाताने दिलेले साहाय्य हजेरीच्या मापाने दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

यातून बोध असा, की तिजोरी उघडण्यापूर्वीच निम्मा न्याय-अन्याय ठरलेला असतो. काय मोजायचे, हे ठरते तेव्हा. आपल्याकडेही पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात, तेव्हा हे ध्यानात ठेवणे बरे. नव्व्याण्णव मेंढरे सुखरूप असता हरवलेल्या एकाच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त पुष्कळांना ठाऊक असेल. सरासरीच्या हिशेबात तो मेंढपाळ वेडाच ठरता. पण शाळेचे खरे काम त्या एका रिकाम्या जागेपाशीच सुरू होते, आणि जे माप ती जागा पाहू शकत नाही, ते गरजेचे माप नव्हे.