तिखटाचा फवारा

सुक्या मिरचीची फोडणी पडली म्हणजे माजघरापर्यंत ठसका जातो, आणि मिरच्या चिरलेला हात चुकून डोळ्यास लागला म्हणजे काय होतें, हें कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. हल्लीं पुष्कळ मुली आत्मरक्षणाकरितां ‘पेपर स्प्रे’ नांवाचा जो फवारा पिशवींत बाळगतात, त्याचें मर्म हेंच आहे. नांवांत मिरें असलें तरी आंत बहुधा मिरचीचाच तेलकट अर्क असतो.

या अर्कांतील दाहक द्रव्यास कॅप्सेसिन म्हणतात. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशीं उष्णतेची वर्दी देणारे सूक्ष्म दरवाजे असतात. कॅप्सेसिन नेमके तेच उघडतें. त्यामुळें कातडी भाजलेली नसतांही भाजल्याची वर्दी मेंदूस पोंचते. डेव्हिड ज्युलियस यांनीं १९९७ सालीं हा दरवाजा ओळखून दाखविला, व २०२१ चें नोबेल पारितोषिक त्यांस अर्देम पातापूतियान यांजसह मिळालें.

फवारा लागतांच पापण्या आपोआप मिटतात, अश्रूंच्या धारा लागतात, नाक वाहतें, खोकल्याची उबळ येते व छाती आवळल्यासारखी होते. निरोगी मनुष्यास बहुधा अर्ध्या-एक तासांत उतार पडतो. दमेकऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या श्वासनलिका एकाएकीं आकुंचित होऊन जिवावर बेतूं शकतें. शिवाय बंद जागेंत हा फवारा आपपर जाणत नाहीं. १३ फेब्रुवारी २०१४ रोजीं लोकसभेंत एका सभासदानें तो उडविला, तेव्हां इतर सभासद खोकूं लागले व कांहींना रुग्णालयांत न्यावें लागलें.

मग उपाय काय? प्रथम मोकळ्या हवेंत जावें. डोळे चोळूं नयेत; चोळल्यानें अर्क पसरतो व बुबुळावर ओरखडा पडण्याचें भय असतें. काँटॅक्ट लेन्स असल्यास काढावी आणि वाहत्या थंड पाण्यानें, उघडझाप करीत, दहा-पंधरा मिनिटें डोळे धुवावे. कातडी साबणानें धुवावी, कपडे बदलावे. घरगुती उपाय म्हणून तेल-तूप मात्र लावूं नये. कॅप्सेसिन तेलांत विरघळतें व कातडीवर अधिकच पसरतें. श्वास लागला, दृष्टि अंधुक राहिली किंवा तासाभरानेंही वेदना हटल्या नाहींत, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.

फवारा बाळगणाऱ्यांनीं त्यावरील मुदत पाहावी, वाऱ्याची दिशा ध्यानांत घ्यावी, मुलांच्या हातीं तो लागूं देऊं नये, आणि घरांत कोणी दमेकरी असल्यास गंमत म्हणून त्याची परीक्षा कदापि करूं नये.