हवेंतलें खत आणि दाबाचा न्याय

आमचें मानवत हें कापसाच्या बाजारपेठेचें गांव. कपाशीला नत्र लागतें, आणि नत्राला तर तोटा नाहीं : शेताच्या प्रत्येक चौरस मीटरवर हवेंत सुमारें पावणेआठ टन नत्रवायु उभा असतो. पण त्यांतला कणहि कपाशीला थेट घेतां येत नाहीं. तिच्यासाठीं युरियाचें पोतें आणावें लागतें. ४५ किलोच्या त्या पोत्यांत नत्र असतें सुमारें पावणेएकवीस किलो. तें ह्याच हवेपासून काढलेलें असतें. मात्र प्रचंड दाबाखालीं. हा दाब कां लागतो, हें आज पाहूं.

नत्रवायूचा एक भाग आणि उज्जवायूचे, म्हणजे हायड्रोजनचे, तीन भाग यांचा संयोग झाला म्हणजे अमोनियाचे दोन भाग होतात. अमोनियापासून पुढें युरिया बनतो. परंतु ही वाट एकेरी नव्हे. एकीकडे अमोनिया घडत असतां दुसरीकडे तो मोडतहि असतो. जितका घडतो तितकाच मोडूं लागला म्हणजे त्याचें प्रमाण स्थिर राहतें. यासच रासायनिक समतोल म्हणतात. बाजाराच्या दिवशीं दुकानांत जितकीं माणसें शिरतात तितकींच बाहेर पडलीं, तर आंतली गर्दी तेवढीच दिसते. तसाच हा प्रकार आहे.

आतां हें मिश्रण दाबून त्यावरील दाब दुप्पट केला असें समजा. समतोलाचा नियम असा : अमोनियाच्या दाटीचा वर्ग एका बाजूस, आणि नत्राची दाटी व उज्जाच्या दाटीचा घन यांचा गुणाकार दुसऱ्या बाजूस घेतला, तर त्यांचें गुणोत्तर ठराविक उष्णतामानास ठरलेलें असतें. दाब दुप्पट होतांच पहिली बाजू चौपट होते, दुसरी सोळापट. गुणोत्तर एकदम चतुर्थांशावर उतरतें. आणि तें पूर्ववत् होईपर्यंत अधिक अमोनिया घडत राहतो. चार भागांचे दोन झाल्यानें वायूंवरील ताणहि कांहींसा सैल होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांनीं समतोलाच्या अशा वर्तनाचा सामान्य नियम १८८४ सालीं मांडला.

यावरून दाबानें कोणतीहि क्रिया पुढें रेटतां येते असें मात्र समजूं नये. उज्ज आणि आयोडीनची वाफ यांच्या दोन भागांचे संयोगानंतरहि दोनच भाग होतात. तेथें दाबानें समतोल हलत नाहीं. मिथेन आणि पाण्याची वाफ यांपासून उज्ज काढतांना दोन भागांचे चार होतात. तेथें दाब उलट आड येतो. ज्या बाजूस भाग कमी, त्या बाजूस दाब झुकवितो.

मग एक शंका उरते. साध्या उष्णतामानास नेहमींच्या दाबाखालींहि समतोल अमोनियाच्याच बाजूचा असतो. मग एवढा दाब कशाला? कारण तेथें क्रियेचा वेग जवळजवळ शून्य असतो. वेगासाठीं लोखंडाचा उत्प्रेरक आणि उष्णता, दोन्ही लागतात. उत्प्रेरक समतोलाची जागा बदलीत नाहीं, तेथवर लवकर पोंचवितो. उष्णता मात्र समतोल मागें ढकलते. ४५० अंश सेल्सिअसला हवेच्या दाबाच्या दहापट दाबाखालीं अमोनिया शेंकडा २ च मिळतो. शंभरपट दाबाखालीं १६, तीनशेंपट दाबाखालीं सुमारें ३५. म्हणजे उष्णतेनें केलेलें नुकसान दाबानें भरून काढावयाचें.

ही भरपाई स्वस्त नव्हे. स्वतः ल शातलिए यांनीं १९०१ सालीं दाबाखालीं अमोनिया करूं पाहिला. उपकरणांत हवा शिरून स्फोट झाला आणि त्यांनीं तो नाद सोडला. १९०९ सालीं फ्रिट्झ हाबर यांस यश आलें. तापलेला उज्ज पोलादांतील कार्बन खाऊन नळ्या फोडतो, ह्या अडचणींतून कार्ल बॉश यांनीं वाट काढली, आणि १९१३ सालीं जर्मनींत ओप्पाउ येथें पहिला कारखाना चालूं झाला. आपल्याकडे ट्रॉम्बे येथें १९६५ सालीं आणि पुढें अलिबागजवळ थळ येथें असे कारखाने उभे राहिले. तेथें नैसर्गिक वायूपासून उज्ज मिळवितात. हा वायु आणि दाबासाठीं लागणारी शक्ति यांचा खर्च मोठा. त्याचा बराचसा भार सरकार उचलतें, म्हणून तो पोत्याच्या किंमतींत दिसत नाहीं.

तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हेंच काम साध्या दाबाखालीं व मातीच्या उष्णतामानास करतात. त्यांच्याजवळील उत्प्रेरक इतका कुशल आहे कीं त्यांना भट्टीची उष्णता लागत नाहीं, आणि म्हणून दाबहि लागत नाहीं. किंमत तेहि घेतात. ती झाड आपल्या साखरेनें भरतें. कपाशींत तुरीच्या ओळी घालणारा शेतकरी जेवढें नत्र असें मिळवील, तेवढ्यापुरता तरी कारखान्यांतील दाबाचा खर्च वांचतो.